ऊन बघून घेतलेली जागा

९ नोव्हेंबर

अगं,

तू गेलीस त्या सकाळी मी छपरावर काचा पुसत होतो. तुला वाटलं असेल, बायको बॅग घेऊन निघाली आहे आणि या माणसाला सोलर पॅनेलवरची धूळ सुचते आहे. धूळ होतीच. आदल्या दिवशी वारा सुटला होता, हे तूही नाकारणार नाहीस. पण चार पॅनेलं असताना मी एकच पुसत राहिलो, आणि तेही तू थांब्यावर पोचेपर्यंत. आपल्या या गाडीच्या घराच्या टपावरून बसथांबा दिसतो हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तू बॅग या हातातून त्या हातात घेतलीस. एकदा खाली वाकलीस. मागे वळून पाहिलंस की चपलेतला खडा काढलास, ते एवढ्या लांबून कळलं नाही. बस आली, तू चढलीस, आणि मग मी उतरलो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण या मैदानावर रेंज मिळायची म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस. म्हणून लिहितो आहे. शाळेत गुरुजी माझं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवायचे, ते आता तुझ्या तरी उपयोगी पडू दे.

इकडे सगळं ठीक आहे. बाजाराच्या दिवशी दोन वजनकाटे दुरुस्तीला आले. एक भाजीवालीचा होता, तिच्या काट्यात मुंग्यांनी घर केलं होतं. ‘मुंग्यांचं वजन धरून विकत होते होय मी!’ म्हणाली. सकाळची प्रार्थना वेळेवर होते. स्वयंपाक जमतो, फक्त पोळ्यांचे आकार कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. बॅटरी रोज संध्याकाळी भरलेली असते. टोमणा मारत नाही, कळवतो आहे.

त्या दिवशी तुझी शिवण चालू असताना वीज गेली, त्याचा तुला राग आला हे मला समजलं. शाळेच्या गणवेशांची घाई होती, बाहेर ढग होते. व्हायला नको होतं. पण आपण तारेवरची वीज घेत नाही. आपली म्हणजे वरून येईल तेवढीच. मिनीबसचं घर केलं तेव्हाच हे ठरलं होतं.

टाकीजवळ असताना लेकीचा फोन आला होता. आई कुठे, म्हणाली. मी सांगितलं, मावशीकडे गेली आहे चार दिवस. ती म्हणाली, ‘बाबा, तुमचे चार दिवस फार मोठे असतात हं.’ मग मी विषय बदलला.

तू किती दिवस राहणार ते कळव, म्हणजे दुधवाल्याला तसं सांगता येईल.

— मी

१८ नोव्हेंबर

अगं,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: ‘वीज गेली नव्हती, तुम्ही घालवली होती.’ खाली सही नाही, क्षेमकुशल नाही. पोस्टमनने वाचलं असणार. देताना माझ्याकडे बघून हसला.

बरोबर आहे. मेन स्विच मी खाली केला. त्या दिवशी मी ऊन कलताना लवकर परतलो होतो; तू आत शिवत होतीस, मी दारात उभा राहून मीटरवरचा बॅटरीचा आकडा पाहत होतो. ढग आल्यावर तो उतरायला लागला. तुला मी दोनदा सांगितलं, आता बास कर. तू म्हणालीस, एवढी कॉलर होऊ दे. आणि मी स्विच खाली केला. सुई कापडात अडकून राहिली. तू हाताने चाक फिरवून ती वर घेतलीस, दाताने दोरा तोडलास, गणवेशाची घडी घातलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी रात्रभर तू भांडण्याची वाट पाहिली.

तुला हट्ट वाटतो, पण हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलं आहे. आमच्याकडे एक कंदील होता. तो पेटवायचा, अभ्यासाला बसायचं, आणि पाठ झालेलं दिसलं की आई वात खाली करायची. मी म्हणायचो, अजून एक पान आहे. ती म्हणायची, ‘पान काय पळून जातंय? उद्या उजेडात वाच.’ अर्धे पाढे मी अंधारात पाठ केले. मला त्याचं दुःख नव्हतं, उलट बाटलीत रॉकेल उरलेलं दिसलं की झोप चांगली लागायची. उरलेलं दिसायला हवं. तसं ते आता बॅटरीत दिसतं.

मैदानाच्या त्या टोकाला, मोटारीमागे जोडायच्या ओढगाडीत राहणाऱ्या नर्सबाई आहेत ना, त्यांचा रेडिओ सकाळपासून चालू असतो. दुपारी पंखा, चहाची किटली, काही विचारू नकोस. परवा मला हाक मारून म्हणाल्या, ‘काटेवाले, गार पाणी घ्या, फ्रीजमधलं.’ घेतलं. पण मनात म्हटलं, पॅनेलांवर राहणाऱ्या या बाईंचं ढगाळ दिवसांत कसं होणार. आपला फ्रीज मी बंद करून ठेवला आहे. एकट्याला काय गार करायचं आहे?

गुडघे कसे आहेत? बहिणीकडे चढउतार असेल तर जपून. शिवणाच्या मशीनची मोटर तूच आणलीस, आणि ती लावायला मी वर्ष घालवलं, हे तू कार्डावर लिहिलं नाहीस. जागा होती तरी. डॉक्टरांनी पायमशीन बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा मी बाहेर चाकात हवा भरत होतो. मला ऐकू आलं होतं.

— मी

८ डिसेंबर

अगं,

आज जे झालं ते तुला आधी सांगायला हवं, म्हणून ताप असतानाही लिहायला बसलो आहे. घाबरू नकोस, ताप उतरतो आहे. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या.

ताप होता म्हणून कामावर गेलो नाही. एरवी भर दुपारी मी कधी घरी असतो? कुठल्या तरी दुकानात जमिनीवर बसून काट्याच्या चार कोपऱ्यांवर वजनं ठेवून बघत असतो. घरी येतो तो दिवेलागणीला. आल्याआल्या मीटर बघतो, भरलेलं दिसतं, हात जोडतो. आज पहिल्यांदा दुपारी अंथरुणातून मीटर पाहिलं. बाहेर ऊन असं की डोळे मिटावेत. आणि मीटरवर काय, तर वरून येणारी वीज शून्य.

म्हटलं, पॅनेलं गेली. तसाच तापात शिडी लावून वर गेलो. काचा स्वच्छ. जोड घट्ट. एकेक वायर सोडून पुन्हा बसवली. खाली येऊन पाहिलं, शून्य. देवा, म्हटलं, आता काय. शाल गुंडाळून नर्सबाईंच्या दाराशी गेलो.

‘बाई, माझी पॅनेलं मेली.’

‘आधी तुम्ही बसा. तुमचाच रंग मेल्यासारखा आहे,’ म्हणाल्या. थर्मामीटर लावला, आणि मला बसवून त्या मीटर बघायला आपल्याकडे गेल्या. परत आल्या त्या हसतच. ‘अहो काटेवाले, तुमची बॅटरी भरली आहे.’

‘ती भरलेलीच असते. वीज का येत नाही?’

‘भरली म्हणून येत नाही. पोट भरलेल्या बाळाला तुम्ही आणखी पाजता का? ते तोंड फिरवतं. तसं बॅटरी भरणाऱ्या तुमच्या त्या डब्याने तोंड फिरवलं आहे.’

मी विचारलं, ‘मग उरलेलं ऊन कुठे जातं?’

‘कुठे जात नाही, येतच नाही. सकाळी तुमची बॅटरी भरते आणि मग दिवसभर पॅनेलं नुसती तापत बसतात. म्हणून तर मी दुपारी सगळी कामं उरकते. कपडे धुते, चहा करते, रेडिओ ऐकते. दुपारची वीज साठवता येत नाही, वापरता येते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?’

बसवणाऱ्याने सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. जपून वापरा, एवढं एकच वाक्य त्याच्या बोलण्यातलं माझ्या लक्षात राहिलं, कारण ते माझ्या आईच्या आवाजातलं वाटलं.

तेव्हापासून मी पडून आहे आणि मला एकच दिसतं आहे. तू दुपारी दारापाशी उजेडाला मशीन ओढून बसायचीस, आणि पाय मारायचीस. मी घरी नसायचो, पण गुडघ्यांवर तेल चोळताना संध्याकाळी बघायचो. त्या सगळ्या दुपारी बाहेर ऊन आपल्या दाराशी येऊन उभं होतं, आणि आपण त्याला घरात घेतलं नाही. मी घेऊ दिलं नाही. त्यात कुणाचं काही वाचलं नाही, अगं. बाटलीत थेंबही जास्त पडला नाही.

मी रोज सकाळी हात जोडून म्हणतो, तू देतोस. आणि दिवसभर असं वागतो की उद्या तो देणार नाही. नर्सबाई तर देवाचं नाव घेतानाही दिसत नाहीत, पण भरवसा त्यांचा जास्त.

ताप उतरला की बाकीचं लिहीन.

— मी

१५ डिसेंबर

ये. मोटर दिवसभर चालव.

— मी

२ जानेवारी

अगं,

तुझं पत्र आलं. या वेळी चार पानं. पोस्टमन म्हणाला, ‘आज जड आहे.’ मी ते टाकीजवळच्या दगडावर बसून वाचलं, मग घरी येऊन वाचलं, मग दिवा लावून वाचलं.

उत्तर द्यायच्या आधी मी इकडे काय केलं ते सांगतो. ताप गेल्यावर एक दिवस कामावर गेलो नाही. फ्रीज लावला. पंखा लावला, थंडीत. मग तुझं मशीन उघडलं, मोटरचं बटण दाबलं आणि कापडाशिवाय चालवत बसलो. नुसती सुई वरखाली. तुझ्यासारखा बसलो, पाय जमिनीवर टेकून. जेवणाच्या वेळेपासून ऊन कलेपर्यंत चालवलं. आकडा हलला नाही. नर्सबाई डोकावल्या, ‘काय शिवताय?’ मी म्हटलं, ‘काही नाही, ऐकतो आहे.’ त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मला वाटलं होतं हे कळवलं की तू येशील. तू लिहितेस, ‘तुम्ही दिवे लावलेत म्हणून मी धावत यायला मी काय पाखरू आहे?’ वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

तुझं म्हणणं मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहितो, म्हणजे मला नीट समजलं का ते तुला कळेल. तुला आपलं घर आवडतं. तुझ्या ताईंकडे वीजबिल आलं की घरात तोंडातोंडी होते, तेव्हा तुला आपल्या चार काचा आठवतात. त्यांच्या खालच्या बेकरीतून तुला एक वायर ओढून देतो असं भावोजी म्हणाले, तर तूच नको म्हणालीस. मोटर, पंखा, हे दुसरं. पहिलं असं की या मैदानावर माणूस नाही. पोलकं शिवून घ्यायला बाईने दोन बस बदलून कशाला यावं? दिवसभर बोलायला कोण, तर नर्सबाई, आणि त्यांनाही रेडिओतून वेळ मिळेल तेव्हा. मी संध्याकाळी येतो, मीटरकडे बघतो, आणि जेवतो.

आणि शेवटच्या पानावर ते वाक्य. ‘तुम्ही ऊन बघून जागा घेतलीत. मला विचारलं असतंत तर मी माणसं बघून घेतली असती.’

ते खरं आहे. हे मैदान बघायला आलो तेव्हा तू गाडीत बसून होतीस आणि मी चारही दिशांना हात पसरून उभा होतो. म्हटलं, कुठेही सावली नाही! तू म्हणालीस, ‘हो ना. बसायला सुद्धा नाही.’ मी ते कौतुक समजलो.

तिकडे तुला काम मिळतं आहे, कपड्यांच्या दुकानाचं आल्टरेशन येतं, खाली बसून बायका बोलतात, गुडघ्यांना शेक मिळतो. हे वाचून बरं वाटलं. पूर्ण बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण देव बघतो आहे.

मला थोडा वेळ दे. मी उत्तर शोधतो आहे.

— मी

२३ जानेवारी

अगं,

ताईंनी कळवलं की मी तुमच्या गल्लीत आलो होतो हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. वरच्या खिडकीतून तू पाहिलंस. आणि विचारायला सांगितलंस, ‘दिवसभर बाकावर बसून काय मिळालं?’

मिळालं काय ते सांगतो. मी तुमच्या बेकरीच्या मागच्या आवाराचं ऊन मोजायला आलो होतो.

पहाटेच्या बसने आलो. भावोजी भट्टीपाशी होते, अंगभर पीठ. मला बघून म्हणाले, ‘साडूभाऊ! बायको न्यायला आलात की पाव?’ मी म्हटलं, दोन्ही नाही, मागच्या बाकावर बसू का. त्यांनी बाक दाखवला, पाव दिला, आणि थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन मला बघून जात राहिले. मी सूर्य बघत होतो. सकाळी ऊन समोरच्या शाळेच्या भिंतीवरून येतं, आवाराच्या मध्यावर पसरतं. दुपार झाली की बेकरीचं धुराडं आणि मागची उंच इमारत मिळून ते झाकायला लागतात. कोपऱ्यातलं मोठं झाड दिवसभर सावली धरून असतं. झाडापासून लांब, शाळेच्या भिंतीलगत गाडी लावली तर निम्मा दिवस ऊन मिळेल. निम्मा म्हणजे आता मला कळतं, पुरतं.

भावोजी शेवटी शेजारी येऊन बसले. ‘उन्हालाही तराजूत घालताय का काय?’

मी त्यांना सांगितलं. आवार त्यांचं, तेव्हा सांगणं भाग होतं. गाडी इथे आणून लावली तर चालेल का, विचारलं. ते बराच वेळ हात झटकत राहिले, पीठ उडत राहिलं. मग म्हणाले, ‘चालेल का काय! पण तिला विचारलंत का?’

‘अजून नाही.’

‘मग माझ्याकडून ऐकेल ती. माझ्या पोटात काही राहत नाही, साडूभाऊ, पाव सोडून.’

मी हात जोडले, चार दिवस थांबा म्हटलं. आता कळतं आहे की ते ज्या खिडकीखाली मोठ्याने बोलत होते ती तुझीच.

जाता जाता त्यांचा काटा तपासला. काटा किती तरी दिवसांपासून कमी दाखवत होता, म्हणजे गिऱ्हाइकाला वजनापेक्षा जास्त पाव जात होता. भावोजी ओरडले, ‘म्हणून गर्दी होती होय!’ आणि मग हळूच, ‘दुरुस्त नका करू मग.’ मी केला. वजन खरं हवं. ते म्हणाले, ‘तुमच्याशी संसार करणं सोपं नाही, मेहुणीला मानलं पाहिजे.’ मी वजनं पिशवीत भरली.

तर आता विचारतो, पहिल्यांदा, आणि आधी. गाडी तिकडे आणू का? ऊन निम्मं मिळेल. बाजार मला तिथून लांब पडतील, बसने जाईन. संध्याकाळी उशिरा पोचेन. तू नको म्हणालीस तर मी इथेच राहीन आणि दर आठवड्याला लिहीत जाईन. राग धरणार नाही. मीटरकडे न बघता जेवायला शिकतो आहे, ते कुठेही उपयोगी पडेल.

— मी

११ फेब्रुवारी

अगं,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. ताई दुपारी जेवणाचे रिकामे डबे न्यायला येतील, त्यांच्या हातात देईन. तुझ्या माझ्यात आता एक आवार आहे, पण सकाळी जे झालं ते मला समोर उभं राहून सांगता येणार नाही, आणि सांगायचं तर आहे.

तू माझ्या विचारण्याला उत्तर दिलं नव्हतंस. दोन आठवडे वाट पाहिली. मग लेकीचा फोन आला, ‘आई म्हणते, त्यांना आणायची तर आणू दे, मी काय रस्ता अडवणार आहे?’ यातून ‘हो’ काढता येतो की नाही, यावर मी टाकीजवळ उभा राहून बराच विचार केला. लेक म्हणाली, ‘बाबा, एवढ्यावर माणसं लग्न करतात.’

कालचा दिवस निघायच्या तयारीत गेला. गाडी इतके दिवस उभी, चालू होईना. घराच्या बॅटरीवरून इंजिनच्या बॅटरीला वीज दिली, दुपारी, भर उन्हात, जेव्हा ती वाया जाणारी होती. एका झटक्यात चालू झाली. नर्सबाईंनी निरोपाला किटलीतला चहा आणला. म्हणाल्या, ‘काटेवाले, तिकडे पोचल्यावर आधी बॅटरी बघू नका, बाई बघा.’ मी म्हटलं, ‘बाईंनी बघू दिलं तर.’ चाकांखालचे दगड काढले तेव्हा जमिनीवर आपल्या गाडीएवढा पिवळ्या गवताचा चौकोन राहिला. एवढीच काय ती सावली मी त्या मैदानाला दिली होती.

आज उजाडायच्या आत प्रार्थना करून निघालो. मागणं काही मागितलं नाही. मागायचं काय तेच नीट ठरत नव्हतं. तू येशील असं मागणं म्हणजे तुझ्या वतीने मीच ठरवल्यासारखं. शेवटी म्हटलं, मला ऐकू येऊ दे.

गल्लीत शिरलो तेव्हा शाळा भरत होती. भावोजी पिठाच्या हातांनी मागे उभे राहून गाडी घेत होते. ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून, अहो येऊ द्या ना, बेकरी काय तुमच्या अंगावर पडते आहे?’ मी जागा आधीच ठरवली होती. शाळेच्या भिंतीलगत. त्या दिवशी बाकावर बसून हेरलेली, आवारातली सगळ्यात उजेडाची. मनातल्या मनात मी तिथे किती तरी वेळा गाडी लावली होती. चाक त्या बाजूला वळवलं.

तेवढ्यात तू जिन्यावरून खाली आलीस. एका हाताने कठडा धरून, एक पायरी, मग दुसरी. तोंडात टाचण्या होत्या. मी ब्रेक दाबला. तू टाचण्या काढून हातात घेतल्यास आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर माझ्याशी बोललीस.

‘तिथे कुठे? झाडाखाली घ्या.’

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. म्हटलं, ‘झाडाखाली ऊन नाही.’

तू म्हणालीस, ‘ऊन नाही, पण बायका तिथे बसतात. मशीन दारात ठेवलं तर बोलता येईल. काचा काय, बेकरीच्या छपरावर चढवा. पाय आहेत ना तुमचे चांगले?’

भावोजी म्हणाले, ‘छप्पर माझं आहे, मला कुणी विचारणार आहे का?’ तू म्हणालीस, ‘नाही.’

मी तेव्हा लगेच काही केलं नाही, ते तू पाहिलंस. तुला वाटलं असेल, हा पुन्हा आकडेमोड करतो आहे. करत होतो. छपरावर काजळी बसेल, रोज पुसावी लागेल. वायर लांब जाईल, वाटेत थोडी वीज कमी होईल. धुराड्याची सावली एका पॅनेलवर येईल. हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप होतं, श्वास घेतल्यासारखं. पण बेरीज होईपर्यंत तू तिथे उन्हात उभी होतीस, कपाळावर हात धरून, आणि मला ठरवायला ती बेरीज लागत नव्हती.

चाक उलट वळवलं. भावोजी ओरडले, ‘अहो, कुठे?’ मी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. झाडाची एक फांदी टपाला घासली. तू म्हणालीस, ‘थोडं डावीकडे. दार बाकाकडे येऊ दे.’ मी डावीकडे घेतलं. दार बाकाकडे आलं.

मग तू टाचण्या पुन्हा तोंडात धरल्यास आणि वर गेलीस. पुढचं तुझं तू ठरव. माझं ठरवून झालं आहे. गाडी झाडाखाली लावली आहे.

— मी